अजिंठा: सहलीबरोबर जावे की आपले आपण?

दिवाळीच्या सुट्टीत जळगावला पाहुणे आले की अजिंठ्याचा बेत ठरतोच आणि पाठोपाठ प्रश्न येतो की गाइडसह दिवसभराची सहल घ्यावी की आपले आपण निघावे. मी दोन्ही प्रकारे जाऊन आलो आहे. पहिल्यांदा आई, थोरली बहीण आणि मेहुणे यांना घेऊन सहलीबरोबर गेलो आणि पुढच्या वर्षी त्याच मंडळींसह एसटीने.

सहलीचे सुख खरे आहे. दारात गाडी येते, फर्दापूरच्या टी पॉइंटवर वाहन सोडून लेण्यांच्या बसमध्ये जागा मिळवण्याची काळजी दुसरा कोणी वाहतो, जेवणाचीही सोय ठरलेली असते. आमचे गाइड अभ्यासू होते. पहिल्या लेण्यातल्या चित्रात पद्मपाणी बोधिसत्त्वाची किंचित झुकलेली मान आणि हातातले कमळ त्यांनी दाखवले नसते, तर आम्ही त्या अंधारात नुसतेच पुढे सरकलो असतो.

मला सोसले नाही ते त्या व्याख्यानाचे लांबणे, आणि त्याहूनही त्याचा क्रम. लेण्यांचे क्रमांक कड्यावरची जागा सांगतात, काळ सांगत नाहीत. 9 आणि 10 ही चैत्यगृहे, म्हणजे स्तूप असलेली प्रार्थनागृहे, सर्वांत जुनी, इसवी सनापूर्वीच्या टप्प्यातली. 1, 2, 16 आणि 17 ही लेणी मात्र वाकाटक राजघराण्याच्या काळातली, पाचव्या शतकातली. सहल एकपासून ओळीने चालते, त्यामुळे गोष्ट शेवटाकडून सुरू होते आणि मग प्रत्येक ओसरीत मागचे सगळे पुन्हा सांगावे लागते. चित्रांच्या लेण्यांत चपला काढाव्या लागतात. थंड दगडावर अनवाणी उभे राहून आईचे गुडघे दुसऱ्या लेण्यातच दुखू लागले, पण गटातून बाजूला होऊन बसावे तर परत गाठ कुठे पडणार, म्हणून ती काही न बोलता उभी राहिली. सतराव्या लेण्यातल्या जातककथांच्या, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींच्या, चित्रांपाशी पोहोचेपर्यंत ऐकण्याची ताकद कोणातच उरली नव्हती. सव्विसाव्या लेण्यात, जिथे सुमारे सात मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची, म्हणजे देह ठेवणाऱ्या बुद्धाची मूर्ती डाव्या भिंतीशी शांत पहुडलेली आहे, तिथे आम्हाला जेमतेम पाच मिनिटे मिळाली. तेवढ्या एका गोष्टीने माझे मत ठरले.

दुसऱ्या वर्षी आम्ही पहिले लेणे बाहेरूनच ओलांडून थेट दहाव्यात गेलो. 1819 मध्ये ब्रिटिश अधिकारी कॅप्टन जॉन स्मिथ यांनी आपले नाव जिथे कोरले, तेच हे लेणे. तिथला स्तूप साधा, मूर्तीविना आहे. तेथून एकोणिसाव्यात गेलो, तर स्तूपावरच बुद्धमूर्ती कोरलेली दिसली. मधल्या काही शतकांत काय बदलले, हे आईला कोणी न सांगताच उमगले. सव्विसाव्यात आम्ही खांबालगत बसून राहिलो. मूर्तीच्या खालच्या बाजूला शोक करणारे भिक्षू आहेत; आदल्या वर्षी ते मला दिसलेच नव्हते. चित्रांची लेणी परतीच्या वाटेवर पाहिली.

या मार्गात उणिवाही आहेत. सतराव्यात सिंहलाची आणि विश्वंतराची कथा नेमकी कोणत्या भिंतीवर कुठून कुठे जाते, हे आम्हाला नीट लागले नाही. घरी वाचून गेलो असतो तर बरे झाले असते, किंवा तेवढ्या एका लेण्यापुरता गाइड घ्यायला हवा होता. परतीच्या एसटीसाठी बराच वेळ ताटकळावे लागले. पायऱ्या चढवत नसलेल्यांसाठी डोली मिळते, पण तिचे आधी विचारून ठरवावे लागते. शिवाय सोमवारी लेणी बंद असतात, हे सहल घेणारा विसरला तरी चालते, आपले आपण जाणाऱ्याने विसरून चालत नाही.

ज्यांना आयुष्यात एकदाच यायचे आहे आणि सोबत कोणी वाचून आलेले नाही, त्यांनी सहल घ्यावी असे मी अजूनही म्हणेन. पण घरात वडीलधारी माणसे असतील आणि खानदेशातूनच निघायचे असेल, तर साठेक किलोमीटरचे अंतर असताना घाई करण्याचे कारण मला तरी दिसत नाही; एका फेरीत न झालेले दुसऱ्या फेरीत पाहता येते. दुसऱ्या वर्षी परतताना आम्ही खालच्या पुलावर वाघूर नदीपाशी बराच वेळ थांबलो. याच नदीवरच्या धरणाचे पाणी जळगावच्या नळांना येते, हे मेहुण्यांनी सांगितले, तेव्हा आई कठड्याला हात टेकून खाली वाहत्या पाण्याकडे कितीतरी वेळ पाहत उभी होती, आणि तिला चला म्हणणारे कोणी नव्हते.