स्वतः कंपाइल केलेला लिनक्सचा ६.१२ कर्नल: उद्यमनगरातल्या पीसीवर काही महिने वापरल्यावर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे. तिथल्या जुन्या पीसीचं काम ठरलेलं: सीएनसीला (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनला) प्रोग्रॅम पाठवायचे, ड्रॉइंग उघडायची, बिलं छापायची. त्यावर डेबियन १२ ही लिनक्सची डिस्ट्रो (तयार संच), सोबत आलेला कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा सिस्टिमचा गाभा, ६.१. नोव्हेंबर २०२४ मध्ये ६.१२ आला, पुढे दीर्घ मुदतीचा (जास्त काळ दुरुस्त्या मिळणारा) ठरला, म्हणून सोर्स कोड उतरवून तो कंपाइल केला, म्हणजे चालणाऱ्या रूपात बनवला. तेव्हापासून रोजचं काम त्यावरच.

वेग वाढेल या आशेने या भानगडीत पडू नका, फरक जाणवत नाही. पण आपल्या मशीनला काय लागतं आणि काय नाही, हे इतकं नीट दुसऱ्या कशाने कळत नाही, आणि मला तेच हवं होतं.

खरी मेख कॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्या यादीत, आहे. डेबियनची कॉन्फिग जशीच्या तशी घेतली तर यच्चयावत हार्डवेअरचे मॉड्यूल (लागतील तेव्हा लोड होणारे ड्रायव्हरसारखे तुकडे) बनतात आणि जुना प्रोसेसर तासन्‌तास तापत बसतो. 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' फक्त त्या घडीला लोड असलेले मॉड्यूल ठेवतं. त्यामुळे आधी सीएनसीची यूएसबी-सिरियल केबल लावली, प्रिंटर चालू केला, पेनड्राइव्ह माउंट केला. 'एलएसमॉड'मध्ये, म्हणजे लोड झालेल्या मॉड्यूलच्या यादीत, सीएच३४१ (केबल), यूएसबीएलपी (प्रिंटर), व्हीफॅट (पेनड्राइव्ह) दिसले, मगच कमांड दिली. सीएच३४१ सुटलं असतं तर केबल असून पोर्ट नाही, आणि जॉब मशीनवर तसाच अडकला असता.

बिल्ड झाल्यावर 'मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल' आधी, 'मेक इन्स्टॉल' नंतर. इनिटरॅमएफएस (बूट होताना सुरुवातीला लागणारी छोटी फाइल सिस्टिम) बनतं ते नुकत्याच टाकलेल्या मॉड्यूलमधूनच. 'इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१' विसरू नका, नाहीतर डीबगच्या (चुका शोधायच्या) माहितीने मॉड्यूल फुगतात, त्यांच्यासोबत इनिटरॅमएफएसही, आणि छोटं बूट पार्टिशन भरून जातं. जुना ६.१ ग्रबमध्ये (बूट होताना कर्नल निवडायच्या मेनूत) राहू द्या, नवा चालला नाही तर लागेल.

त्रास आहे तो पुढचा. कर्नलच्या सुरक्षेचे पॅच (दुरुस्त्या) आता एप्टमधून, म्हणजे डेबियनच्या पॅकेज टाकण्या-काढण्याच्या साधनातून, आपोआप येत नाहीत. ६.१२ ची नवी दुरुस्त आवृत्ती आली की जुनी कॉन्फिग, 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' (नवे पर्याय आपोआप डीफॉल्टवर) आणि पुन्हा बिल्ड. एवढी सवड नसेल तर डिस्ट्रोचाच कर्नल बरा, हे मनापासून सांगतो. मी आता 'मेक बाइनडेब-पीकेजी'ने डेबियनचं पॅकेजच बनवतो, म्हणजे जुना कर्नल एप्टने काढता येतो.

शेजारच्या शॉपमधल्या दोस्ताने तेच पॅकेज मागितलं. त्याचा बोर्ड वेगळा, डिस्क कंट्रोलर वेगळा. माझ्या कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हरच नाही. त्याच्याकडे जाऊन सगळी उपकरणं लावून नव्याने कॉन्फिग करून देणार आहे.