पिशवी की जोडणी? रेक्टमच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरवायच्या आधी

माझ्या ऑपरेशनला आता पाच वर्षं झाली, काकांच्याला सात. दोघांनाही रेक्टमचा म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाचा कॅन्सर, दोघांचीही ऑपरेशनं मुंबईला, पण काकांना पोटावर मल गोळा करणारी कायमची पिशवी लागली आणि माझं आतडं खाली परत जोडलं. आता मालवणात कोणाला असं काही निघालं की माणसं आमच्याकडे विचारायला येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, पिशवी टाळता येईल ना? म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

आधी हे बघा की तुम्हाला चॉइस आहे का. गाठ जर संडास रोखून धरणाऱ्या स्नायूतच शिरली असेल तर नाही, मग गुदद्वारासकट सगळं काढतात आणि वरच्या आतड्याचं तोंड पोटावर डाव्या बाजूला काढतात, त्याला स्टोमा म्हणतात, पिशवी त्यावरच लावतात. हे ऑपरेशन जुनंच आहे, अर्नेस्ट माइल्स नावाच्या इंग्रज सर्जनने १९०८ साली मांडलेलं. गाठ बरीच वर असेल तर जोडतात, तिथेही प्रश्न नाही. प्रश्न मधल्यांचा, ज्यांचं जोडता येईल पण अगदी खाली. तिथे सर्जन विचारतात तुमचं काय म्हणणं, आणि आपण पुढचं काही न ऐकता म्हणतो जोडा. मी पण तेच म्हटलं.

आता जोडणीत काय होतं ते सांगतो. जोड खूप खाली असला की तो भरून येईपर्यंत बहुतेक वेळा लहान आतड्याची तात्पुरती पिशवी लावतात. म्हणजे पिशवी नको म्हणून जोडणी घेतली आणि शुद्धीवर आलो तर पोटाला पिशवी आहेच! साधारण दोन-तीन महिन्यांनी बंद करतात, माझी केमो मधे आली म्हणून सात महिने राहिली, आणि साधारण पाचातल्या एकाची ती कधी बंदच होत नाही. ही पिशवी काकांच्या पिशवीपेक्षा त्रासाची, कारण येणारा मल पातळ असतो, सतत येतो आणि कातडीला लागला की भाजल्यासारखं होतं. शिवाय अंगातलं पाणी आणि मीठ जातं. मे महिन्यात मला एकदा चक्कर येऊन सलाईन लावायला लागलं तेव्हापासून ओआरएस आणि मिठाची पेज सोडली नाही.

ती बंद झाली की खरी गंमत सुरू होते. रेक्टम ही साठवायची जागा होती, तीच काढलेली, मग साठवणार कुठे? पहिलं वर्ष मी दिवसाला दहा-बारा वेळा जात होतो, जाऊन आलो की दहा मिनिटांत परत, आणि लागली की थांबवता येत नाही, वारा सरतोय की संडास होतेय तेही कळत नाही. ह्याला लार्स म्हणतात, आणि ते मोजायला डॅनिश डॉक्टरांनी २०१२ साली पाच प्रश्नांचा एक स्कोअर काढला, शून्य ते ४२, तीस आणि वर गेला की मोठा त्रास. जोडणी झालेल्या शंभरातल्या साधारण चाळीस जणांना हा मोठा त्रास असतो, त्यात रेडिएशन घेतलेलं आणि जोड अगदी खाली असला तर जास्तच. मला हे ऑपरेशनआधी कोणी नीट सांगितलं नाही, डिस्चार्जच्या वेळी नुसतं 'हळूहळू सेट होईल' म्हणाले. झालं सेट, दोन वर्षांनी, चार-पाच वेळांवर. इसबगोल, डॉक्टरांनी दिलेली लोपेरामाइड ही जुलाब थांबवायची गोळी आणि खालच्या स्नायूंचे व्यायाम ह्याने फरक पडला. पण कुडाळला नोकरीला जाताना एसटीत मी अजून दाराजवळची सीट बघतो आणि वाटेत चौके गावाला कुठली संडास उघडी असते ते मला पाठ आहे.

काकांचं उलटं. पहिले सहा महिने वाईट गेले, मागची जखम भरता भरेना, पाटावर बसता येत नव्हतं, काकी रोज ड्रेसिंग करायची आणि देवापुढे जाऊन रडायची. नंतर घाई करून जाळी ओढायला गेले तर स्टोमाच्या बाजूला हर्निया आला, आता पट्टा लावतात, जड उचलणं बंद. पण होडीवर जातात! त्यांना नर्सने इरिगेशन शिकवलं, म्हणजे पहाटे उठून लिटरभर कोमट पाणी स्टोमातून आत सोडायचं, पाऊण-एक तासात पोट रिकामं, मग दिवसभर काही येत नाही, पोटावर छोटी टोपी लावली की झालं. हे डाव्या बाजूच्या मोठ्या आतड्याच्या स्टोमालाच चालतं, माझ्यासारख्या लहान आतड्याच्या पिशवीला नाही, आणि मनाने करायचं नाही, शिकूनच करायचं. होडीवर कसली आलीय संडास, तिथे माझ्यासारखा माणूस काय करणार? काका मला म्हणतात, "मी दर्यात जातंय, आणि तू यष्टीत चढूक घाबरतंस."

वाऱ्यावर त्यांचा कंट्रोल नाही हे खरं. गणपतीत भजनाला एकदा भर आरतीत आवाज झाला तर म्हणाले, पखवाजाच्या आधी माझोच ठेको. पण सगळ्यांचा स्वभाव असा नसतो. आमच्या ओळखीच्या एका बाई पिशवी लागल्यापासून लग्नकार्याला गेल्या नाहीत, सोवळ्याचं काय करायचं हा प्रश्न त्यांना गाठीपेक्षा मोठा वाटला.

खर्चात जोडणी स्वस्त, पिशवी जन्मभर. पोटाला चिकटणारी प्लेट कंपनीवाले सांगतात तेवढे दिवस आपल्याकडे टिकत नाही, कोकणातला घाम, मेमध्ये दोन दिवसांत कडा सुटतात. आणि गावच्या मेडिकलात हवी ती मिळेलच असं नाही, पावसाळ्याच्या आधी स्टॉक करून ठेवायचा.

खाण्याचं थोडक्यात. लहान आतड्याची पिशवी असताना ओल्या खोबऱ्याचे तुकडे, काजू, फणसाचे गरे जपून, अडकू शकतात. काका सगळं खातात, बांगडा खाल्ला की वास येतो म्हणून काकी ताक देते. मला तिखट सार सोसत नाही, मालवणात राहून!

लघवी आणि नवरा-बायकोच्या संबंधांचा त्रास दोन्हीत होऊ शकतो, कारण नसा तिथूनच जातात. हा प्रश्न लाजून सोडू नका, ऑपरेशनआधी विचारा.

आणि पिशवीवाल्यांचं जगणं वाईट असतं ही समजूत अभ्यासातही टिकलेली नाही. वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या कॉक्रेन ह्या संस्थेने २०१२ साली ३५ अभ्यास एकत्र करून बघितले तर पिशवीवाल्यांची जीवनाची गुणवत्ता कमीच असते असं ठामपणे म्हणता आलं नाही.

माझं मत विचाराल तर वय कमी, घरात संडास हाताशी, बसून काम, स्नायू आधीपासून घट्ट, तर जोडणी घ्या आणि दोन वर्षं काढायची तयारी ठेवा. वय झालंय, आधीच रोखता येत नाही, संडास परसात, गुडघे गेलेले, रात्री पावसात चार वेळा कंदील घेऊन जायचं असेल तर पिशवीला नाही म्हणायच्या आधी थांबा.

रेडिएशन-केमोने गाठ पूर्ण विरघळली तर ऑपरेशन न करता नुसतं लक्ष ठेवायचा पर्याय पण आहे, ब्राझीलच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी तो पुढे आणला. पण पहिली वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी, मधेमधे एमआरआय, म्हणजे मुंबईला जायला तुतारी एक्सप्रेसचा पासच काढायचा, आणि साधारण चौघातल्या एकाची गाठ परत येते.

ठरत नसेल तर एक करा. स्टोमा नर्सकडून एक पिशवी मागून घ्या, त्यात थोडं पाणी भरून पोटाला चिकटवा आणि दोन दिवस तशीच ठेवा. लुंगी किंवा साडी नेसा, पाटावर बसा, बाजारात जा, रात्री झोपा. नाडी किंवा निरी कुठे घासते ते तेव्हाच कळतं, ती जागा नर्सला दाखवा, ऑपरेशनआधी स्टोमा कुठे काढायचा त्याची पेनाने खूण करताना ती तेवढी सोडून करतात. काकांनी हे केलं होतं. मी नाही केलं, आणि माझी तात्पुरती पिशवी सात महिने बरोबर पॅण्टच्या पट्ट्याखाली होती.