स्पर्धा आयोगाची कम्प्लायन्स पुस्तिका: फुकट आहे, घ्या, पण 2017 ची आहे

भारतीय स्पर्धा आयोग म्हणजे धंद्यातल्या संगनमतावर नजर ठेवणारी सरकारी संस्था. स्पर्धा कायदा कसा पाळायचा (म्हणजेच कम्प्लायन्स), हे सांगणारी आयोगाची उद्योगांसाठीची ही पुस्तिका त्याच्या वेबसाइटवर मोफत मिळते. सल्लागाराकडून फी मोजून 'पॉलिसी' लिहून घेण्याआधी ती वाचून काढावी; निदान आपण कशाचे पैसे देतोय हे तरी कळेल.

व्यापारी संघटनांबद्दलचा भाग सगळ्यात कामाचा. लहान-मध्यम उद्योग अडकतात ते बहुतेक तिथेच. गोव्यात औषधविक्रेत्यांच्या संघटनेवर आयोगाने 2012 मध्ये कारवाई केली, ती औषध कंपनीला नवा स्टॉकिस्ट (घाऊक विक्रेता) नेमायला संघटनेचं ना हरकत पत्र लागतं, या प्रथेवरून. बैठकीत कच्च्या मालाच्या महागाईवरून बोलणं 'मग आपण सगळेच दर वाढवू' इथवर आलं, की गप्प बसून भागत नाही. हरकत घ्यायची, ती इतिवृत्तात नोंदवायला लावायची, उठून बाहेर पडायचं आणि त्याच दिवशी कंपनीच्या वकिलाला ईमेल करायचा. संघटनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपलाही हेच लागू. तिथे तर 'ओके'चा अंगठासुद्धा महागात पडू शकतो.

टेंडरसाठी मात्र नुसत्या पुस्तिकेवर विसंबू नका. भारतीय अन्न महामंडळाच्या 2009 च्या टेंडरमध्ये ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या (धान्यातली कीड मारायच्या) गोळ्यांसाठी तीन कंपन्यांनी किलोला 388 रुपये हा एकच दर भरला होता; त्यावरून संगनमताचा खटला झाला. पुणे महापालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या टेंडरांत 2018 मध्ये आयोगाने संगनमत धरलं, तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांच्या निविदा एकाच आयपी पत्त्यावरून भरल्याचा पुरावा पुढे आला. 'आमच्यासाठी नावापुरतं एक टेंडर भरा' ही ओळखीच्या माणसाची विनंती म्हणजेच संगनमत, हे टेंडर भरणाऱ्या कारकुनाला माहीत हवं. डिजिटल सही आणि पासवर्ड दुसऱ्या कंपनीच्या माणसाकडे ठेवायचे नाहीत.

खरी उणीव वेगळीच आहे. स्पर्धा कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीने दंडाचं गणित बदललं. गोळ्यांच्या त्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये फक्त संबंधित मालाच्या उलाढालीवर दंड धरायला सांगितलं होतं. आता कायद्यातली कमाल मर्यादा सगळ्या मालाच्या, जगभरातल्या उलाढालीवर मोजली जाते. कार्टेलमध्ये (दर किंवा टेंडर आपसांत ठरवणाऱ्या स्पर्धकांच्या संगनमतात) तर ती दरवर्षीच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या 10 टक्के, यांपैकी जे जास्त असेल तिथवर जाते. त्या धंद्यात नसलेला, पण कार्टेल जुळवायला हातभार लावणारा मध्यस्थही आता कार्टेलचा भागीदार धरला जातो. आयोगाशी तडजोड करून प्रकरण मिटवायची सोय 2024 पासून सुरू झाली, पण कार्टेलला ती नाही. तिथे आपणहून कबुली देणं एवढाच मार्ग: पहिल्याला 100 टक्क्यांपर्यंत सूट, दुसऱ्याला 50, तिसऱ्याला 30. म्हणून 'बघू, विचार करू' म्हणत आठवडे घालवणं सगळ्यात महाग. 2023 पासूनचे हे बदल 2017 च्या पुस्तिकेत सापडणार नाहीत.

भाषा वकिली आहे, सेल्सच्या पोरांना ती तशीच वाचायला देण्यात अर्थ नाही. संघटना, टेंडर आणि डीलर यांवरचं तेवढं काढून मराठीत दोन पानं करा. आयोगाच्या तपासाचा छापा पडला तर कोणाला फोन करायचा ते रिसेप्शनवर लिहून ठेवा, आणि त्याखाली ठळक अक्षरांत: मोबाइलमधलं काहीही डिलीट करायचं नाही.