युरिएज चाचणी: क्रिस्टेन्सनचा स्लँट की स्टुअर्टचा ब्रॉथ?

जिवाणूकडे युरिएज, म्हणजे युरिया फोडणारं विकर आहे का, हे पाहायला ही दोन माध्यमं (जिवाणू वाढवायची मिश्रणं) वापरतात: क्रिस्टेन्सनचा स्लँट म्हणजे नळीत तिरका गोठवलेला घट्ट थर, स्टुअर्टचा ब्रॉथ म्हणजे पातळ द्रव. दोन्ही माध्यमांत युरिया 2 टक्केच आणि रंग बदलून पीएच (आम्ल-अल्कपणाचं माप) दाखवणारा दर्शकही फिनॉल रेडच. जिवाणूकडे युरिएज असेल तर युरिया फुटून अमोनिया सुटतो, पीएच चढतो आणि माध्यम गुलाबी होतं. तरीही एकच क्लेबसिएला (मंद युरिएजचा जिवाणू) दोन्हींत लावला तर दुसऱ्या दिवशी स्लँट गुलाबी आणि ब्रॉथ जसाच्या तसा, असं सर्रास दिसतं. यात चूक कुणाचीच नाही. हा सगळा बफरचा, म्हणजे पीएच सहजी बदलू न देणाऱ्या क्षारांचा खेळ आहे.

स्टुअर्टच्या ब्रॉथमध्ये दोन फॉस्फेट मिळून लिटरला 18.6 ग्रॅम पडतात, क्रिस्टेन्सनमध्ये जेमतेम 2 ग्रॅम. स्टुअर्टचा बफर मोडायचा तर अमोनिया भरपूर सुटायला हवा. ते प्रोटियस, मॉर्गेनेला, प्रॉव्हिडेन्सिया रेटगेरी या जोरकस युरिएजच्या जिवाणूंनाच नीट जमतं. त्यात यीस्ट एक्स्ट्रॅक्ट लिटरला अवघं 0.1 ग्रॅम, म्हणजे खाणंही नावापुरतंच. त्यामुळे कल्चर (वाढवलेले जिवाणू) सढळ हाताने घालावं लागतं आणि नळी हलवून ते नीट मिसळावं लागतं. लूपच्या (जिवाणू उचलायच्या तारेच्या कडीच्या) टोकाला चिकटलेलं कणभर कल्चर इथे पुरत नाही.

क्रिस्टेन्सनमध्ये पेप्टोन (अर्धवट पचवलेली प्रथिनं) आणि ग्लुकोज असल्याने जिवाणू वाढतो आणि मंद युरिएजही पकडलं जातं. मात्र स्लँट वाचायला नजर लागते. प्रोटियस काही तासांतच अख्खी नळी गुलाबी करतो. क्लेबसिएलाचा गुलाबी रंग आधी स्लँटवर चढतो, तळ बराच काळ पिवळसर राहतो. म्हणून लूप फक्त स्लँटवर फिरवावी, तळात टोचू नये. न बदललेला तळ रंग ताडून पाहायला कामी येतो. ‘पॉझिटिव्ह’ एवढंच न लिहिता किती तासांनी, तेही लिहावं, नाहीतर निम्मी माहिती वाया जाते.

क्रिस्टेन्सनचा खरा दोष आहे उशिरा येणारा खोटा गुलाबीपणा. स्युडोमोनाससारखे जिवाणू पेप्टोन फोडूनही माध्यम अल्कधर्मी करतात. नळी दिवसेंदिवस ठेवणार असाल तर युरिया नसलेली त्याच बेसची (युरिया सोडून बाकी मिश्रणाची) नळी सोबत लावाच.

तयारीत ब्रॉथ सोपा: सगळं विरघळवा, गाळून निर्जंतुक करा, नळ्यांत भरा. क्रिस्टेन्सनचा बेस आधी ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून) 50 अंशांपर्यंत निववावा लागतो. मग 95 मिलीला गाळलेलं 40 टक्के युरियाचं 5 मिली द्रावण. युरिया मात्र कुठल्याच माध्यमात ऑटोक्लेव्ह करू नका. उष्णतेने तो फुटतो आणि जिवाणू घालण्याआधीच रंग बदलतो.

आता निवड. शौचाच्या कल्चरमधल्या संशयित कॉलनीतून (जिवाणूंच्या ठिपक्यांतून) प्रोटियस बाजूला काढून साल्मोनेलाकडे वळायचं असेल, तर दोन्ही चालतात. साल्मोनेला युरिएज निगेटिव्ह असतो. पण येर्सिनिया एंटेरोकोलिटिकाचीही शक्यता असेल तर ब्रॉथवर विसंबू नका, तो तिथे निसटू शकतो. एकच माध्यम ठेवायचं झालं तर मी क्रिस्टेन्सन ठेवेन. त्यातून जोरकस आणि मंद, दोन्ही युरिएज कळतात, फक्त वेळेवर नळी पाहायची शिस्त हवी. ती शिस्त पाळणं शक्य नसेल आणि प्रश्न ‘प्रोटियस गट आहे की नाही’ एवढाच असेल, तर ब्रॉथ बरा.

माध्यम कुठलंही असो, प्रत्येक नव्या बॅचला प्रोटियस आणि ई. कोलाय (यात युरिएज नसतं) लावून पाहा. क्रिस्टेन्सनला जोडीला क्लेबसिएलाही. प्रोटियस उत्तम येतो म्हणून मंद युरिएजही दिसेल, असं धरून चालत नाही.