डेल्फ्टला जायचं की वाल्मीत शिकायचं?

पाणी व्यवस्थापनाचं प्रशिक्षण म्हटलं की मराठवाड्यातल्या अभियंत्यापुढे दोन वाटा असतात. एक नेदरलँड्समधल्या डेल्फ्टची. तिथली संस्था 1957 पासून जगभरच्या अभियंत्यांना शिकवते. पूर, नदीखोरं, संगणकीय प्रारूपं यात तिचा हात धरणारे थोडेच. शिवाय वर्गात आफ्रिका-आशियातले सहकारी भेटतात, ती ओळख पुढे कामी येते. पण त्या देशाचा बराच भाग समुद्रसपाटीखालचा. त्यांची चिंता पाणी बाहेर काढायची, आपली ते अडवायची!

दुसरी वाट छत्रपती संभाजीनगरच्या वाल्मीची, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्थेची, 1980 सालची. इथे काळ्या पाषाणात पाणी किती मुरतं, जायकवाडीच्या कालव्यात शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत ते का पोचत नाही, 2005 च्या कायद्याने झालेली शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था कशी चालवायची, हे प्रश्न घरचे. कालवा निरीक्षक आणि संस्थेचा अध्यक्ष मराठीत भांडू शकतात, हेही कमी नाही. परदेशी शिष्यवृत्ती त्यांच्यापर्यंत सहसा येतच नाही.

प्रारूपं बांधणाऱ्या मोजक्यांनी डेल्फ्टला जावं. बाकी पैसा परदेशी तज्ज्ञांना इथे आणण्यावर लावावा, तोही ऐन मे महिन्यात.