रिक स्टाइनची मासळी: आधी बंदर, मग तवा

रात्रपाळी संपवून घरी आलं की मला लगेच झोप लागत नाही. इंग्लंडमधल्या एक्सिटर शहरातल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात अशाच एका सकाळी टीव्ही लावला, तर एक माणूस बंदरावर उभा राहून मासळीबद्दल इतक्या मायेनं बोलत होता की चहा हातातच गार झाला. तो इंग्लिश शेफ रिक स्टाइन, आणि मालिका ‘टेस्ट ऑफ द सी’. बीबीसीची, १९९५ सालची. जुने भाग पुन्हा दाखवत होते. तेव्हापासून मी ही मालिका किमान तीनदा तरी पाहिली असेल, आणि मासे आवडणाऱ्या प्रत्येकानं ती बघावी असं मला मनापासून वाटतं.

स्वयंपाकाचे कार्यक्रम बहुतेक वेळा ओट्यापाशी सुरू होतात. सगळं चिरून, वाट्यांत भरून तयार. इथे तसं नाही. स्टाइन आधी बंदरावर जातो, बोटीवर चढतो, जाळी ओढणाऱ्यांशी बोलतो, लिलावात उतरलेल्या मासळीच्या पेट्यांमधून फिरतो. हा मासा कुठल्या पाण्यातला, कुणी धरला, कोणत्या महिन्यात चांगला, हे समजल्यावर मग तो तवा तापवतो. मला ही मालिका आवडते ती याच क्रमासाठी. मासा रांधण्याआधी तो विकत घेता आला पाहिजे, हे त्याच्याइतकं कळकळीनं सांगणारा दुसरा कुणी मी पाहिला नाही.

हे त्याला साधतं, कारण तो एका बंदराचा माणूस आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमध्ये, उत्तर किनाऱ्यावर, कॅमल नदीच्या खाडीच्या तोंडाशी पॅडस्टो नावाचं गाव आहे. तिथे तो आणि त्याचा मित्र नाइटक्लब चालवायचे. तिथल्या मारामाऱ्यांमुळे क्लबचा परवाना गेला, पण रेस्टॉरंटचा परवाना हातात उरला होता. त्यावर १९७५ साली ‘द सीफूड रेस्टॉरंट’ उभं राहिलं, पत्नी जिलच्या जोडीनं. म्हणजे ही मालिका येईपर्यंत या माणसानं वीस वर्षं त्याच धक्क्यावरची मासळी रांधली होती. ते त्याच्या हातांत दिसतं. सुरी कुठे थांबवायची हे त्याला बघावं लागत नाही.

मालिकेमागे निर्माता होता डेव्हिड प्रिचर्ड. टीव्हीवरचा शेफ कीथ फ्लॉइड याला हातात वाइनचा ग्लास देऊन स्वयंपाकघराबाहेर उघड्यावर रांधायला लावणारा तोच. पण फ्लॉइडच्या कार्यक्रमात फ्लॉइड मोठा वाटतो, स्टाइनच्या कार्यक्रमात मासा. मला दुसरं जास्त भावतं.

आता बांगड्याचं सांगते. इथला मॅकरल म्हणजे आपल्या बांगड्याचा लांबचा भाऊ. जात वेगळी, पाठीवर काळे नागमोडी पट्टे, अंगात तेल भरपूर. इथे आल्यावर मी एका दुकानातून बर्फावर मांडलेले दोन घेतले आणि घरी आणल्यावर वास सहन होईना. टाकून दिले. ही मालिका बघून मी निवडायला शिकले. आता मासा डोक्याकडून धरून आडवा उचलते. अगदी ताजा असला तर काठीसारखा ताठ राहतो, शिळा शेपटीकडून लोंबतो. डोळा फुगीर आणि नितळ हवा, कल्ले लालबुंद हवेत, वास आला तर फक्त समुद्राचा. एवढं जमलं की पुढचं काम फार थोडं. तिरक्या चिरा, मीठ, कडक आच, एका बाजूला चार मिनिटं, दुसऱ्या बाजूला जेमतेम तीन. आधी मी मासा इतका वेळ ठेवायची की त्याचं खोबरं व्हायचं. मासा आचेवरून उतरवल्यावरही आतल्या आत शिजत राहतो, हे ध्यानात घेऊन लवकर हात आखडायला मी स्टाइनकडे बघून शिकले.

खेकड्याचंही तसंच. इथला तपकिरी खेकडा थोराड असतो. नर-मादी ओळखायची तर उलटा करून पोटावरची घडी बघायची. नराची निमुळती, मादीची रुंद. नराच्या नांग्या मोठ्या, म्हणून पांढरं मांस जास्त. एका सुट्टीच्या दिवशी मी उकडलेला नर आणला. नांग्या पिरगाळून काढल्या, दोन्ही अंगठ्यांनी मधला भाग कवचातून वर ढकलला. आत पिसांसारखे राखाडी, मऊ कल्ले दिसले. इंग्रज त्यांना ‘मेलेल्या माणसाची बोटं’ म्हणतात. ते खायचे नसतात. एकेक खुडून टाकले, तोंडामागची पिशवी काढली, कवचातलं तपकिरी मांस चमच्यानं खरवडलं आणि नांग्यांतलं पांढरं मांस सळईनं कोरून काढलं. तासभर लागला. वरून फक्त लिंबू पिळलं. दुसरं काही घालायची इच्छाच झाली नाही.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत. लोणी आणि क्रीम सढळ हातानं पडतं, आणि काही पदार्थांत त्याखाली मासा हरवतो असं मला वाटतं. प्रमाण नुसतं बघून हाती लागत नाही, त्यासाठी त्याच नावाचं पुस्तक जवळ हवं. चित्र जुनं आहे, चौकोनी, रंग फिके. पण लाटांचा आवाज आणि धक्क्यावरची माणसं तशीच्या तशी पोचतात. आणि चॉकी! त्याचा जॅक रसेल कुत्रा. मायक्रोफोनच्या केसाळ वेष्टनावर तुटून पडायचा. २००७ साली तो गेला, तरी भाग लागला की मी अजून आधी त्यालाच शोधते.

पुढच्या मालिकांपैकी १९९९ ची ‘सीफूड ओडिसी’ देशोदेशी फिरते. बघायला सुंदर आहे, पण तिथे तो पाहुणा असतो, जरा संकोचून विचारतो. २००० च्या ‘सीफूड लव्हर्स गाइड’मध्ये तो ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यानं फिरतो, आणि पुन्हा स्वतःच्या पाण्यात आल्यासारखा मोकळा होतो. माझ्या मते आधी ‘टेस्ट ऑफ द सी’ बघा, मग थेट ही.

एक गोष्ट मात्र त्या पहिल्या मालिकेमुळेच माझ्या घरात आली. हेक, कॉडसारखाच पांढऱ्या मांसाचा समुद्री मासा. कॉर्नवॉलच्या बोटी हा मासा भरपूर आणतात, पण त्यातला कितीतरी स्पेनला जातो. इथे लोक कॉड आणि हॅडॉकपलीकडे फारसे जात नाहीत. मी मासेवाल्याकडे हेक मागितला तेव्हा तो म्हणाला, “हा इथे कुणी मागत नाही.” मी तीन शुक्रवार सलग विचारलं. चौथ्या शुक्रवारी त्यानं मला लांबूनच हात केला आणि बर्फाखालून एक बाहेर काढला, डोक्यासकट.