शुगरलोफची केबल कार: पैसे वसूल, पण वेळ साधली तर

रिओ दी जानेरोच्या ग्वानाबारा उपसागराच्या तोंडाशी उभा असलेला हा ३९६ मीटरचा ग्रॅनाइटी सुळका. वर नेणारी केबल कार १९१२ पासून चालू आहे. प्रवास दोन टप्प्यांत: प्राया व्हर्मेल्या किनाऱ्यापासून उर्का टेकडी (साधारण २२० मीटर), तिथून डबा बदलून माथा. प्रत्येक टप्पा जेमतेम तीन मिनिटांचा. डब्यात ६५ माणसं मावतात, त्यामुळे काचेशी जागा हवी तर रांगेत पुढे राहा.

तिकीट महाग आहे, यात वाद नाही. ऑनलाइन काढलं की खिडकीवरची रांग टळते. डब्याची मात्र टळत नाही. सूर्यास्ताला सगळं शहर इथेच लोटतं, आणि उतरताना खरी कोंडी होते. त्यात संध्याकाळी सूर्य शहराच्या मागे असतो, म्हणजे शहरातल्या बोटाफोगो भागाचे फोटो काळपट येतात. फोटोंसाठी सकाळच बरी, दिव्यांसाठी संध्याकाळ.

पैसे वाचवायचे तर क्लाउदियो कोउतिन्यो वाटेवरून उर्कापर्यंत फुकट चढता येतं. अर्ध्या-पाऊण तासाची चढण, सुरुवात चांगलीच खडी. पाऊस पडून गेला असेल तर मुळं आणि दगड निसरडे होतात, चप्पल घालून जाऊ नका. वरच्या माकडांना खायला घालू नका.

निघण्यापूर्वी खालच्या किनाऱ्यावरून माथा बघा. ढगात असेल तर तिकीट काढूच नका, वर पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसणार नाही. मेट्रो दारापर्यंत जात नाही. बोटाफोगोला उतरून बस किंवा टॅक्सी.